छत्री कुणाच्या वडिलांची

सौ. वन्संना वहिनीचा सप्रेम नमस्कार.

तुमची कंबर आता कशी आहे? शेकायला सांगितलेली वाळूची पुरचुंडी वापरता ना? (वाळू फेकून देऊ नका, तीच पुन्हा चालते.) देवाच्या कृपेने इकडे सगळे सुखरूप आहेत. मागच्या पत्रातही मी असंच लिहिलं होतं, पण तेव्हा रीत म्हणून लिहिलं होतं, आज खरं लिहिते आहे. तेव्हा इथे असं ठरलेलं होतं, की तुमचे थोरले बंधू हे तुमचे बंधूच नाहीत. घाबरू नका, आता आहेत.

झालं असं, की निवृत्त झाल्यापासून ह्यांना पूर्वजांनी झपाटलं. रोज डबा घेऊन जुन्या दप्तरखान्यात जायचे आणि संध्याकाळी शिंका घेऊन परत यायचे. शेवटी आपल्या आडनावाची एक वंशावळ हाती लागली. तिच्यात अगदी वर एक जहाजावरचे खजिनदार बसलेले. हे आपलेच कशावरून, असं मी विचारलं, तर म्हणाले, घराण्याचं वळण बघ. (कागदावर नुसती नावं आणि रेघा होत्या, वळण काही दिसलं नाही. पण मी पडले मॅट्रिक.) मग रक्ताचा पुरावा हवा, म्हणून डीएनए तपासणी निघाली. नळीत थुंकायचं आणि ती टपालाने धाडायची. थुंकायला पैसे देणारा माणूस मी जन्मात पाहिला नव्हता, पण एका नळीवर दुसरी फुकट होती, आणि फुकट म्हटल्यावर मान मीच हलवली. खर्च औषधपाण्यात टाकावा की करमणुकीत हे ठरेना, म्हणून वहीत पेन्सिलीने लिहून ठेवला. फुकटची नळी वरच्या मजल्यावर धाकट्या भाऊजींना दिली. त्यांनी ती खिशात घातली, बाहेर जाऊन आले आणि भरून आणून दिली. थुंकायला बाहेर कशाला जायला हवं, हे विचारायचं कुणाला सुचलंच नाही. त्यांची स्वच्छतेची आवड म्हणून मी मनात कौतुकच केलं.

अहवाल आला. भाऊजींचे पूर्वज समुद्रकिनाऱ्याचे, ह्यांचे डोंगराकडचे, आणि दोन्ही नमुन्यांचा एकमेकांशी काडीचा संबंध नाही! दुसरा कुणी असता तर तपासणीला शिव्या घालून मोकळा झाला असता. ह्यांनी चष्मा पुसला, वंशावळीकडे बघितलं आणि शांतपणे निकाल दिला. खजिनदार जहाजावरचे, म्हणजे किनाऱ्याचा तो खरा मुलगा. मी कुठून तरी आणलेला. भाऊजी समोरच होते. त्यांचं तोंड एकदम उतरलं. मला वाटलं, धक्का बसला बिचाऱ्यांना.

त्यानंतर ह्यांनी घरात पाहुण्यासारखं राहायला सुरुवात केली. मामंजींच्या आरामखुर्चीवरून उठून दाराजवळच्या स्टुलावर बसायला लागले. जेवताना दुसऱ्यांदा वाढू का म्हटलं, की आधी सासूबाईंच्या तोंडाकडे बघायचे. भाऊजींशी बोलताना ‘तुझी आई’ म्हणायचे. सासूबाई चिडून म्हणाल्या, “अरे, माझ्याच पोटातून आलास ना रे मेल्या!” तर हे म्हणाले, “तुमचे उपकार आहेत.” तुम्हीच सांगा, जन्मदात्या आईला असं बोलतात का? मी देवासमोर बसले की जप सुटायचा आणि भलतेच हिशेब सुरू व्हायचे. लग्न झाल्यापासून ह्या घराण्याच्या नावाने जे जे उपास केले, ते कुणाच्या खात्यावर जमा झाले? आणि डोंगराकडच्या घराण्याची एवढी बाकी मी आता ह्या वयात कशी फेडणार? मग मला सुचलं, की सासूबाईंनीच एकदा नळीत थुंकलं की सोक्षमोक्ष लागेल. तर त्या ताडकन म्हणाल्या, “जन्म देऊन दाखवला तेवढं पुरे. आता थुंकून नाही दाखवायची!” आणि ओठ घट्ट मिटून घेतले. झालं. आईच पुरावा द्यायला तयार नाही म्हटल्यावर ह्यांची उरलीसुरली आशाही गेली. त्या दिवशी हे जेवले नाहीत. (तुमचा भाऊ जेवला नाही! ह्यावरून काय ते ओळखा.)

शेवटी एका सकाळी ह्यांनी मामंजींची छत्री काढली. तुम्हाला आठवते ना, ती लाकडी मुठीची? ती तेल लावून पुसली, वर नेली आणि भाऊजींच्या हातात दिली. म्हणाले, “तुझ्या वडिलांची आहे. तुझ्याकडेच शोभेल.” भाऊजी छत्री धरून उभे राहिले, उभ्या उभ्या रडायला लागले, आणि ह्यांचे पाय धरून म्हणाले, “दादा, मी थुंकलोच नव्हतो रे!”

वन्सं, भाऊजी तंबाखू खातात. लग्नाच्या आधीपासून! नळीत थुंकलं तर अहवालात तंबाखू निघेल, दादा तो मोठ्याने वाचेल आणि आईला कळेल, ह्या भीतीने त्यांनी नळी नेली ती कोपऱ्यावरच्या घड्याळजींकडे. निर्व्यसनी माणूस, सुपारीचं खांडसुद्धा चघळत नाही. भाऊजींचं पोट बिघडलंय, म्हणून त्यांची थुंकी चालणार नाही, असं ऐकून त्या भल्या माणसाने शेजारधर्म म्हणून थुंकून दिलं. समुद्रकिनारा घड्याळजींचा! आणि आपले भाऊजी, सख्खा भाऊ डोळ्यांदेखत परका होतोय हे बघत राहिले, पण तंबाखू कबूल करेनात. मी म्हटलं, भाऊजी, धन्य तुमची.

सासूबाईंना खाली हे सगळं ऐकू आलं होतं. (एरवी त्यांना दारावरची घंटा ऐकू येत नाही.) “आण ती पुडी इकडे” म्हणाल्या. हुंगली, “एवढी कडक!” म्हणाल्या, जाळून टाकते सांगून घेऊन गेल्या. ह्यांनी रागवायला तोंड उघडलं, पण राग येईचना. हसू यायला लागलं. मग भाऊजींनी चूळ भरून, स्वतःच्या खर्चाने, आम्हा सर्वांच्या देखत नळी भरली. आज अहवाल आला. सख्खे भाऊ! दोघेही डोंगराकडचे! तंबाखूचा रकानाच त्यात नाही. हे आरामखुर्चीत घोरताहेत आणि मी तो खर्च शाईने देवधर्मात लिहून टाकला आहे.

कंबर सांभाळा. मुलांना आशीर्वाद.

तुमची,
वहिनी

ता. क. हे पत्र जुन्या अहवालाच्या पाठकोऱ्या बाजूवर लिहिलं आहे. पुढची बाजू घड्याळजींची आहे, तेव्हा वाचून झाल्यावर परत पाठवा, त्यांना हवी आहे. वंशावळही ह्यांनी त्यांनाच देऊन टाकली. खजिनदार तिकडे जास्त शोभतात.

ता. क. दुसरा, आणि हा कुणाला वाचून दाखवू नका. आत्ताच सासूबाईंच्या उशीचा अभ्रा बदलायला गेले, तर जाळलेली पुडी आत निघाली. अर्धी संपलेली. शेजारी चुन्याची डबी, आणि ती चांगली जुनी आहे. त्या थुंकायला का तयार नव्हत्या, ते आता कळलं. भाऊजी त्यांचेच, ह्याला मला तरी नळीची गरज नाही. पण ह्यांना तंबाखूच्या नुसत्या वासाने मळमळतं. सासूबाईंचं कळलं, तर आई आणि भाऊ दोघेही तंबाखूचे, मग मीच परका, म्हणत अहवाल बाजूला ठेवून पुन्हा स्टुलावर जाऊन बसतील. म्हणून एक काम करा. उलटटपाली ह्यांच्या नावाने दोन ओळी लिहा, की मलाही तंबाखूचा वास सहन होत नाही, बाबांनाही व्हायचा नाही. तुम्ही स्वतः खात असाल तरी लिहा.