शंभरच्या आत

४ मार्च
सासूबाई बाथरूमच्या दारात पडल्या. अंग घामाने चिंब, जीभ जड, मला ओळखेनात! मशीनवर शुगर — अठ्ठेचाळीस. गिळता येत होतं म्हणून साखरेचं पाणी पाजलं. भानावर आल्या तशा पहिलं काय विचारावं? — "किती आली गं?"
मनगट मोडलंय. प्लास्टर.

५ मार्च
हे फोनवर बहिणीला सांगत होते, "ही होती म्हणून आई वाचली." मी भांडी घासत राहिले.
शुगर शंभरच्या आत — हा हुकूम माझाच. माझ्या बाबांचा पाय शुगरने गेला तेव्हापासून मी हाय खाल्लीय. डॉक्टरांना विचारलं? छे! शेजारणीने तिचा आकडा सांगितला, तोच उचलून फ्रीजवर चिकटवला. ती चाळिशीची, आई अठ्ठ्याहत्तरच्या!

७ मार्च
डॉक्टर म्हणाले, "शंभरच्या आत कोणी सांगितलं?"
मी तोंड उघडायच्या आत आई — "मीच ठरवलं. म्हातारपणीची हौस!"
मेल्याहून मेल्यासारखं झालं.
"आकडा ज्याचा त्याचा असतो. तुमच्या वयात शुगर एकदम खाली जाणं जास्त वाईट." डॉक्टरांनी गोळी निम्मी केली. मग आईंनाच विचारलं, "तुम्हाला काय जमायला हवंय?"
इतक्या महिन्यांत मी हे एकदाही विचारलं नव्हतं.
"कोपऱ्यावर मैत्रीण राहते. तिच्याकडे एकटीने जायचंय. वाटेत चक्कर न येता."
म्हणजे येत होती! मला कधी बोलल्या नाहीत.
नवा आकडा — उपाशीपोटी नव्वद ते दीडशे.

८ मार्च
फ्रीजवरचा कागद फाडला. चष्म्याच्या दुकानात दिवसभर गिऱ्हाइकांचे नंबर काढते. एकाचा चष्मा दुसऱ्याच्या नाकावर ठेवला तर मालक हाकलून देईल. घरी मला कोण हाकलणार?

९ मार्च
धीर करून विचारलं — चक्कर का लपवलीत?
"अगं, आकडा कमी आला की तू दिवसभर गोड बोलायचीस. नव्वद आले तर गुणगुणायचीससुद्धा! म्हणून रात्री दोनच घास खायचे. गोळी मात्र नेमाने हं!" आणि हसल्या. जशी काही गंमतच.
डॉक्टरांसमोर पाठीशी घातलं ते वेगळंच. त्याआधी किती रात्री उपाशी झोपल्या असतील — माझ्या चांगल्या मूडसाठी!
यांना सांगायला हवं.

१० मार्च
सांगितलं. हे म्हणाले, "मीही रोज समोरच जेवत होतो की." रागावले असते तर बरं झालं असतं.

१५ मार्च
आई मैत्रिणीकडे जाऊन आल्या. एकट्या. गळ्यात अडकवलेला हात मिरवत!

२३ मार्च
प्लास्टर दाखवायला गेलो. बोलता बोलता बाबांच्या पायाचं निघालं, तशी सिस्टर मला म्हणाली, "तुमच्या वडिलांना होती ना शुगर? बोट द्या बघू."
दोनशे साठ. परत टोचलं. तेच.
आईंनी चांगल्या हाताने माझा हात धरला. "चल घरी. आधी पोटभर जेव. तुझा आकडा उद्या डॉक्टरांना विचारू."