त्रेसष्ट चौकटी

सोमवार, ३ मार्च

आणि वर तो माणूस मलाच विचारतो, बाई, ही चौकट तुम्ही वाचलीत का. चौकट वाचायची असते का? चौकट लावायची असते. लिहिणाऱ्याने मजकूर लिहिला, टाइप करणारीने टाइप केला, मुद्रितं तपासणाऱ्याने तपासला. चौथ्या हाताने परत वाचायला तो काय कोर्टाचा कागद आहे? दोन वर्षांत माझी एक चौकट वाकडी निघालेली नाही. जाड रेघ, गोल कोपरे, आत फिका रंग. लाल म्हणजे धोका, हिरवी म्हणजे टीप, निळी म्हणजे जास्तीची माहिती. पान उघडलं की डोळे निवतात.

पण डोळे असतील तर ना. हा नवा तपासनीस जन्मापासून आंधळा. छापखान्याच्या मालकांनी नवीन काम घेतलं आहे, ज्यांना दिसत नाही त्यांच्यासाठी ई-पुस्तकं. हा घरी बसून कॉम्प्युटरकडून पुस्तक वाचून घेतो, ऐकतो आणि फाईल परत पाठवतो. पहिलं पुस्तक घरातल्या दुरुस्त्यांचं. नळ, कडी, बिजागरी, इस्त्री. त्यात माझ्या त्रेसष्ट चौकटी. त्रेसष्टच्या त्रेसष्ट परत. म्हणे रंग मशीनला कळत नाहीत आणि चौकटी भलत्या ठिकाणी वाचल्या जातात.

मालक म्हणाले, हे पुस्तक महिनाअखेर पास झालं तर पुढची सगळी तुमच्याकडे. नाही झालं तर तुम्ही परत घडीच्या टेबलावर. शांतपणे म्हणाले. चहा पीत पीत.

घडीच्या टेबलावर मी वीस वर्षं काढली. छापलेले कागद घडी घालायचे, दिवसभर उभं. टाचा गेल्या तिथे. पाठ टेकायची खुर्ची मिळून दोनच वर्षं झाली. ती खुर्ची मी सोडणार नाही.

निश्चय: उद्या संध्याकाळपर्यंत फाईल चोख. तपासनिसाशी गोड बोलायचं.

मंगळवार, ४ मार्च

अकरालाच काम संपलं. एवढ्याशा गोष्टीसाठी एवढा बोभाटा. त्याला रंग दिसत नाही ना, मग रंग लिहून टाकला. प्रत्येक चौकटीच्या सुरुवातीला 'लाल', 'हिरवी', 'निळी'. त्रेसष्ट वेळा. फाईल पाठवली.

दुपारी टाइप करणारीला म्हटलं, बघ, अनुभव लागतो. ती म्हणाली, मावशी, पण त्या कुठे वाचल्या जातात ते बघितलंत का. बघितलं म्हटलं. पानावर जिथे रिकामी जागा आहे तिथे लावल्या आहेत, अजून कुठे लावणार.

घरी जाताना जिन्यात जाऊबाई भेटल्या. खालच्या मजल्यावर राहतात, जिन्यातच भेटतात. सांगितलं त्यांना, पुढची सगळी ई-पुस्तकं माझ्याकडे येणार. त्या म्हणाल्या, हो का, म्हणजे आता तुमच्याशी बोलायला बटण दाबावं लागणार. जळतात.

गुरुवार, ६ मार्च

फोन. गोड बोलायचं ठरवलं होतं म्हणून गोड बोलले. त्याने विचारलं, बाई, लाल म्हणजे काय.

मी म्हटलं, लाल म्हणजे लाल. तो म्हणाला, ते मी लहानपणापासून ऐकतोय, पण लाल ऐकून मी करायचं काय? पळायचं का थांबायचं? म्हटलं, धोका आहे. म्हणाला, मग 'धोका' लिहा ना. एवढं सरळ होतं तर सोमवारीच सांगायचं. आडवळणाने बोलायची सवय असते काही जणांना.

मग म्हणाला, चौकट मजकुरात कुठे येते ते महत्त्वाचं. म्हटलं बेचाळीस पानावर उजवीकडे खाली आहे. तो म्हणाला, या पुस्तकात बेचाळिसावं पान नाही. म्हटलं, असं कसं नाही? तर खरंच नाही. मी उघडून बघितलं. अक्षर मोठं केलं की मजकूर पुढे सरकतो, लहान केलं की मागे. पानच जागेवर राहत नाही असं पुस्तक काय कामाचं. आणि अशा पुस्तकात चौकटी लावून दाखवल्या मी.

तो म्हणाला, एकदा सगळ्या वाचून बघा बाई, आपोआप कळेल कुठली कुठे हवी.

बघते म्हटलं.

शुक्रवार, ७ मार्च

लाल, हिरवी, निळी काढून धोका, टीप, माहिती केलं. चौकटी वाचायला बसले. दोन वाचल्या. डोकं धरलं. चष्म्याचा नंबर बदलला असणार.

मला वाचता येत नाही असं नाही. चौथीपर्यंत शिकले आहे. बोट ठेवून वाचते, लागतो थोडा वेळ. पण मागे टाइप करणारी बसते, समोरून मालक येतात-जातात. स्क्रीनवर बोट ठेवून बाई बसली आहे हे दिसायला बरं दिसतं का. शिवाय स्क्रीनवर डाग पडतात.

चौकटींच्या जागा न बदलता फाईल पाठवली. त्याला काय कळतंय वाचल्या की नाही ते.

मंगळवार, ११ मार्च

कळलं म्हणे.

हा माणूस नुसता ऐकत नाही. पुस्तक सांगेल तसं करून बघतो. रविवारी त्याने स्वयंपाकघरातल्या नळाचा वॉशर बदलायला घेतला, माझी फाईल ऐकत ऐकत. पुस्तक म्हणालं मूठ काढा, त्याने काढली. पुस्तक म्हणालं पान्याने नट सोडवा, त्याने सोडवला. फवारा थेट छतापर्यंत. मग पाण्याच्या आवाजात पुस्तक म्हणालं, धोका, काम सुरू करण्याआधी मेन व्हॉल्व्ह बंद करा.

बायको भिजली. पिठाचा डबा भिजला. मालक मला हे सांगताना हसत होते. मग हसायचे थांबले. म्हणाले, नळावर निभावलं. याच पुस्तकात इस्त्री आहे.

माझं म्हणणं असं, आंधळ्या माणसाने नळाला हात लावावाच कशाला. हे मी मोठ्याने म्हटलं. टाइप करणारी म्हणाली, मावशी, पुस्तकच त्यांच्यासाठी आहे. मला माहीत आहे कोणासाठी आहे ते.

मुद्दाम करतो. माझ्या खुर्चीवर डोळा आहे त्याचा.

गुरुवार, १३ मार्च

युक्ती सुचली. आमच्या मोरीतला नळ तीन महिने गळतो आहे. ह्यांना सांगून सांगून माझी जीभ झिजली. शनिवारी मीच दुरुस्त करणार, माझीच फाईल ऐकून, डोळ्यांवर टॉवेल बांधून. ह्यांना साक्षीदार ठेवणार. चौकट कुठे का असेना, शहाण्या माणसाला काम जमतं, हे सिद्ध झालं की मालकांना सांगते.

मेन व्हॉल्व्ह आधी बंद करायचा हे मला आता माहीत आहे. म्हणून नळाचा धडा घेणार नाही, ते फसवणं होईल. फ्लशच्या टाकीचा धडा घेते. तीही गळते. त्यातलं मी काहीच वाचलेलं नाही.

शनिवार, १५ मार्च, सकाळी ९

टॉवेल बांधला. हे दाराशी स्टुलावर. म्हणाले, मी मदत करू का. म्हटलं, तुम्ही फक्त बघा आणि लक्षात ठेवा. ह्यांना दोन्ही जमतं का बघू.

शनिवार, १५ मार्च, दुपारी १

टाकी फुटली. फुटली म्हणजे झाकण. चिनी मातीचं होतं.

पुस्तक म्हणालं झाकण उचलून बाजूला ठेवा. उचललं, बाजूला ठेवलं. बाजूला काही नव्हतं. मग पुस्तक म्हणालं, धोका, झाकण जड असते, आधी जमिनीवर जाड कापड अंथरून ठेवा. हे खाली वाकून तुकडे गोळा करायला लागले तोवर पुस्तक पुढे गेलं होतं, दांडी वर ओढा. ओढली. हातात आली. त्यानंतर पुस्तक म्हणालं, टीप, दांडी प्लॅस्टिकची असल्यास ओढू नये.

पाणी खाली गेलं. जाऊबाई वर आल्या, केस ओले. म्हणाल्या, काय हो, बटण कुठलं दाबलंत.

निष्कर्ष: झाकण आधीच तडकलेलं असणार.

रविवार, १६ मार्च

संडासात बादलीने पाणी ओततो आहोत.

सोमवार, १७ मार्च

कामावर लवकर गेले, कोणी यायच्या आधी. टाकीच्या धड्यातल्या चौकटी वाचल्या. बोट ठेवून. अकरा होत्या. अकराही कामाच्या. लिहिणारा माणूस शहाणा आहे, उगाच एक शब्द नाही.

चूक कुठे आहे ते मला कळलं, आणि कोणी न सांगता कळलं हे इथे लिहून ठेवते. चौकट उशिरा येते. आधी आली पाहिजे. बस. एवढंच तर आहे.

दिवसभरात सगळं करून टाकलं. पुस्तकातल्या सगळ्या चौकटी उचलून पुस्तकाच्या सुरुवातीला ठेवल्या. आता कोणाला उशीर व्हायचा प्रश्नच नाही. आधी सगळे धोके, मग सगळ्या टिपा, मग माहिती, मग काम. बाकीच्या वाचायची गरज उरली नाही.

फाईल पाठवली. मालकांना म्हटलं, महिनाअखेर कशाला, चौदा दिवस आधीच पास समजा.

शुक्रवार, २१ मार्च

तपासनीस फोनवर म्हणाला, बाई, या वेळी पाणी नाही सांडलं. मी म्हटलं, बघा. तो म्हणाला, नळापर्यंत पोहोचलोच नाही.

म्हणे सुरुवातीला बावीस मिनिटं नुसत्या सूचना. आधी कापड अंथरा, कशासाठी ते माहीत नाही. दांडी ओढू नये, कुठली दांडी ते माहीत नाही. तो ऐकत होता तेव्हा त्याची आई शेजारी बसली होती, तिने हात जोडले आणि म्हणाली, एवढा धोका असेल तर राहू दे बाबा, गळू दे नळ.

मग जरा मऊ आवाजात म्हणाला, प्रत्येक चौकट तिच्या तिच्या पायरीच्या लगेच आधी. फक्त तेवढं. हवं तर या माझ्याकडे, बसून एकेक ऐकू. तुम्ही वाचू नका, मशीन वाचेल, तुम्ही फक्त थांब म्हणा.

मला वाचता येतं म्हटलं आणि फोन ठेवला.

सोमवार, २४ मार्च

निश्चय: रोज दहा चौकटी वाचून जागेवर लावायच्या. सात दिवसांत त्रेसष्ट. हिशेब बरोबर बसतो.

आज चार झाल्या. चष्मेवाल्याकडे जायचं होतं म्हणून लवकर निघाले.

मंगळवार, २५ मार्च

चष्मेवाला म्हणतो नंबर तोच आहे. यंत्र जुनं असणार त्याचं. तीन झाल्या.

गुरुवार, २७ मार्च

दोन. इस्त्रीचा धडा. 'उष्णतारोधक' असा शब्द आहे. त्याच्यावर अर्धी सकाळ गेली. टाइप करणारीला विचारलं असतं, पण ती आज फार कामात होती. तिच्याकडे दोनदा बघितलं. तिने वर बघितल्यावर मी खिडकीकडे बघितलं.

शुक्रवार, २८ मार्च

तपासनिसाला फोन लावला. त्याच्याकडे जायला हरकत नाही असं सांगणार होते. त्याने उचलला तर मी विचारलं, बरं आहे ना सगळं. तो म्हणाला, बरं आहे. मग म्हटलं, ठीक आहे, आणि ठेवला.

नऊ लागल्या आहेत. चोपन्न राहिल्या. शनिवार-रविवार आहे.

रविवार, ३० मार्च

घरी पाहुणे आले. म्हणजे जाऊबाई आल्या, पण बराच वेळ बसल्या.

सोमवार, ३१ मार्च, संध्याकाळी ५

पुस्तक पास झालं.

मी पास नाही केलं. शुक्रवारी माझा फोन आल्यावर तपासनिसाने मालकांना विचारून फाईल घेतली आणि दोन दिवसांत चोपन्नच्या चोपन्न चौकटी स्वतः लावल्या. कानाने. माझ्या नऊ होत्या तशाच ठेवल्या. मालक म्हणाले, तुमच्या नऊमध्ये एकही चूक नव्हती म्हणतो. मी म्हटलं, मग? ते म्हणाले, मग काय, नऊच होत्या.

उद्यापासून घडीचं टेबल. पुढच्या पुस्तकांच्या चौकटी तपासनीस लावणार. माझ्या खुर्चीवर सध्या कोणी नाही, तिच्यावर कागदांचे गठ्ठे ठेवणार आहेत.

त्याची फाईल उघडून बघितली. टाकीचा धडा काल संध्याकाळी फोनवर ऐकत ऐकत ह्यांनी आणि मी नवीन दांडी बसवली. ती फाईल तपासनिसाची होती हे आज कळलं, ह्यांच्याकडे कशी आली ते मी विचारलं नाही. गळत नाही आता. दांडी चांगल्या कंपनीची होती.

पण त्या फाईलमध्ये मला एक दिसलं, आणि ते दिसायला डोळेच लागतात. चौकटी जागेवर आहेत, पण दिसायला भयंकर आहेत. अर्ध्यांची रेघ तुटलेली, एकीत काळ्यावर काळी अक्षरं. ज्याला दिसत नाही त्याला फरक नाही पडत. पण ज्याला थोडंसं दिसतं, ज्याच्या चष्म्याचा नंबर वाढतो आहे, जो बोट ठेवून वाचतो, त्याने काय करायचं? ती पुस्तकं तोही घेणार ना?

हे मालकांच्या तोंडावर बोलणार होते. ते बाहेर गेले होते. म्हणून टाइप करणारीकडून कोरा कागद मागून घेतला, लिहिलं आणि त्यांच्या टेबलावर पेपरवेटखाली ठेवलं. तिने विचारलं, मावशी, मी टाइप करून देऊ का. नको म्हटलं. पाऊण तास लागला. इथे उतरवून ठेवते, नंतर कोणी नाही म्हणायला नको:

'मालक, तपासनीस चौकटी कानाने लावतात. चांगल्या लावतात. पण त्या डोळ्यांनी कोण तपासणार? मी तपासेन. त्यांच्याकडे जाऊन, त्यांच्या शेजारी बसून. मशीन वाचेल, ते ऐकतील, मी बघेन. मला हळू वाचता येतं, हे तुम्हाला माहीत नसेल तर आता माहीत असू दे. घडीच्या टेबलाशी मी उभी राहीन, पण शुक्रवारपर्यंतच. हो की नाही ते शुक्रवारी चार तारखेला दुपारी बाराच्या आत सांगा. बघू, नंतर बोलू, असं चालणार नाही.'