पोपटी गाडीतला माणूस

३ फेब्रुवारी

ती. सौ. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

पाकीट बघून छातीत धस्स करून घेऊ नकोस, इकडे सगळे धड आहेत. फोन न करता लिहितोय कारण फोन अण्णांच्या खाटेशी आहे, आणि त्यांचे पाय गेले तरी कान अजून तिखट आहेत. मी नुसतं "ताई" म्हटलं की त्यांच्या टीव्हीचा आवाज बंद होतो.

तर बातमी अशी. जुन्या गाड्यांचा शौक असलेल्यांचा एक क्लब आहे, त्यांचे सेक्रेटरी माझ्या गॅरेजात आले होते. त्यांना प्रदर्शनासाठी ती पोपटी गाडी हवीय. कुठली ते तुला कळलंच असेल. त्या सिनेमातली. मूळ गाडी तेव्हाच भंगारात गेली, म्हणून त्याच जातीची दुसरी घेऊन ती हुबेहूब तशी करायची. एक शोधलीसुद्धा त्यांनी. रंगाच्या कारखान्यामागे कधीपासून उभी होती, आत कोंबड्यांनी संसार थाटलेला. तळाच्या पत्र्याची चाळणी झालीय, दारं लोंबतायत, इंजिन जाम. पण सांगाडा सरळ आहे.

मी नाहीच म्हणणार होतो, शप्पथ. पण अण्णांनी आतून सगळं ऐकलं आणि मला बोलावून म्हणाले, घे ते काम. एकच अट घाल म्हणाले. गाडीपुढे जी पाटी लावतील तिच्यावर, जिन्यावरून गाडी कोणी उतरवली त्याचं नाव लिहायचं. सिनेमात नाव आलं नाही, पाटीवर तरी येऊ दे. ताई, उशी सरकव यापलीकडे या माणसाने कधी काही मागितलेलं मला आठवत नाही. सेक्रेटरी "बघू या" म्हणालेत.

आता तुझ्याकडचं काम. सीटांना चौकड्याचं कापड होतं, तपकिरी आणि पांढरं. तुझं शिवणाचं दुकान आहे, खोळी शिवून देशील का? मापं सोबत आहेत. चिडू नकोस. चिडलीस तर तसं कळव.

लोभ आहेच, तो हे पत्र वाचल्यावरही टिकावा.
तुझा,
बारक्या

११ फेब्रुवारी

चि. बारक्यास,
अ. उ. आ.

चिडले आहे. कळवते आहे.

तुला अक्कल कधी येणार रे? तू तेव्हा पाळण्यात होतास, म्हणून तुला हे सगळं गमतीचं वाटतं. मी आठ वर्षांची होते, आणि आईचा हात धरून त्या जिन्याच्या कडेला उभी होते. चौकातून खाली उतरणारा तो लांबलचक दगडी जिना, मधे टप्पे, आणि शेवटच्या टप्प्याला वळण. हिरोचा कोट आणि हिरोची हॅट घालून अण्णा गाडीत बसले होते. पुढचं सगळ्या जगाने पाहिलंय. गाडी उलटते, धूळ उडते, मग हिरो खिडकीतून बाहेर येतो, कोट झटकतो आणि हॅट काढून गाडीला सलाम ठोकतो. थिएटरात हशा पिकतो. धूळ उडते आणि हिरो बाहेर येतो त्याच्या मधे आपल्या बापाला पत्रा कापून बाहेर काढलंय, बारक्या. कण्याचा चुरा झालेल्या माणसाला. तेवढं मात्र त्यांनी सिनेमात ठेवलं नाही.

आईने तो सिनेमा जन्मात घरी लावू दिला नाही. पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून ती मरेपर्यंत अण्णांची कूस बदलत राहिली. आता ती नाही, तर तुम्ही बापलेक तीच गाडी परत बांधायला निघालात. पाटीवर नाव आलं म्हणून पाय परत येणार आहेत का? आणि नाही आलं तर? त्यांना एकदा आशा लावलीस की पुढचं तुलाच निस्तरावं लागेल. मी इथे लांब बसलेय, म्हणून तर जास्त जीव घाबरतो.

खोळी मी शिवणार नाही. मापांचा कागद परत पाठवत नाही, कारण त्यावर मी किराणा लिहिला. माझ्या भावजयीला म्हणावं, हा रंगाचा फवारा मारेल तेव्हा याच्या नाकातोंडाला फडकं बांध, स्वतःहून तो बांधायचा नाही.

रागावलेली, तरी तुझीच,
ताई

९ मार्च

ती. सौ. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

बोलणी पोचली, पोटभर झाली. फडकं बांधतो.

तळ पूर्ण कापून नवा पत्रा डागला. दारांच्या बिजागऱ्या बदलल्या, इंजिन उघडून बसलोय. आता वाईट बातमी. सेक्रेटरी म्हणतात, नाव लावता येणार नाही. हिरो कधीपासून मुलाखतींतून सांगत आलाय की जिन्याचा प्रसंग त्याने स्वतः केला, आणि सिनेमाच्या नावांत अण्णा कुठेच नाहीत. पुरावा आणा म्हणाले. मी म्हटलं, घरी खाटेवर आहे पुरावा, बघायला या. त्यांना ते आवडलं नाही.

मग मी सिनेमा आणला. रागावू नकोस, कामासाठी तो लागतच होता. दुपारी पडदे ओढून मी आणि अण्णा एकेक चित्र थांबवून बघत बसलो. मला वाटलं होतं त्यांना त्रास होईल. छे! मजेत सांगत होते, इथे ब्रेक सोडला, इथे नुसतं हाताने सांभाळली. मग माझ्या लक्षात आलं की पुढच्या चाकावरची चकचकीत टोपी एका चित्रात आहे, पुढच्यात नाही, त्याच्या पुढच्यात पुन्हा आहे. मी म्हटलं, अण्णा, मी नक्की कुठली गाडी बनवू, टोपीची की बिनटोपीची? त्यांनी ते चित्र पुन्हा मागे घ्यायला लावलं. मग म्हणाले, दोन फेऱ्या झाल्या होत्या. पहिली चांगली झाली होती, फक्त उतरताना टोपी उडाली. दुसऱ्या फेरीला नवी बसवली. सिनेमात दोन्ही फेऱ्यांचे तुकडे जोडलेत.

तेव्हा मी बिनटोपीचे तुकडे पुन्हा पुन्हा लावले. एका तुकड्यात, डोळा मिटून उघडेपर्यंत, खिडकीत चेहरा दिसतो. हिरोचा नाही. अण्णा म्हणाले, मीच तो. पण ताई, मला आठवतात ते खाटेवरचे अण्णा. मी ओळखणार कसा? घरात त्या वेळचा एक फोटो नाही, सगळे आईने कुठे टाकले देव जाणे. तो चेहरा कागदावर छापून एक प्रत सोबत धाडतोय. तू ओळखशील. तू सांगशील ते मी सेक्रेटरींपुढे मांडतो.

चरणांशी लोळण घालून लोभाची मागणी करणारा,
बारक्या

२० मार्च

चि. बारक्यास,
अ. उ. आ.

पाकीट आलं तसं कापडाच्या ठाणांवर टाकून दिलं होतं. गिऱ्हाइकं येत होती, जात होती, आणि माझं सगळं लक्ष तिकडे. शेवटी दुकानाचं दार लोटून घेतलं आणि फोडलं.

अण्णाच आहेत ते. अरे, हसतायत! हॅट मागे सरकलीय आणि दात दिसतायत. त्यांच्या पुढच्या दातांत फट होती हे मी साफ विसरले होते. मान किती ताठ आहे बघितलीस? तुझी अगदी तशीच आहे. मी एकटीच दुकानात बसून हुंदके देऊन रडले, लपवत नाही.

आता तुला आईने कधी सांगितलं नाही ते सांगते. दुसरी फेरी का झाली? या चेहऱ्यामुळे. पहिल्या फेरीत हॅट मागे गेली आणि अण्णांचं तोंड दिसलं, म्हणून दिग्दर्शक ओरडला, हे चालणार नाही, पुन्हा करा. दुसऱ्या वेळी हॅट भुवयांपर्यंत ओढून हनुवटीखालून पट्टी बांधली. शेवटचं वळण त्यांना दिसलंच नाही. आणि आज कळतंय की ज्या चेहऱ्यापायी त्यांना पुन्हा वर पाठवलं, तो मेल्यांनी सिनेमात तसाच राहू दिला. कुणाच्या लक्षातही आलं नसेल.

सेक्रेटरींना माझं नाव-पत्ता दे, म्हणावं मुलगी साक्षीला उभी राहील. खोळी शिवल्या आहेत, या पत्राबरोबरच पार्सल येईल. मापांचा कागद किराण्यासकट जपून ठेवला होता. मागच्या सीटची शिवण आतून दुहेरी घातलीय, अण्णांना बसवताना ताण येईल म्हणून. बसवणार आहेस ना?

पाटीवर नाव येऊ दे रे. आता मलाही ते हवंय.
तुझी,
ताई

२ एप्रिल

ती. सौ. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

घाईत चार ओळी. सेक्रेटरींनी चेहरा पाहिला, तुझं पत्र वाचलं आणि पाटीला होकार दिला! गाडी रंगली, खोळी अशा बसल्यात की बोट शिरत नाही. काल अण्णांना उचलून स्टिअरिंगपुढे बसवलं. मागे नको, पुढेच, म्हणाले. बराच वेळ चाक धरून बसले. मग मला म्हणाले, हॉर्न फार बारीक आहे, पण राहू दे. प्रदर्शनाला जायचं म्हणून कोट इस्त्रीला दिलाय, आणि दाढी करताना माझ्या बायकोला दोनदा सांगितलं, नीट कर. तू येतेस का? ये ना.

आनंदातला,
बारक्या

२१ एप्रिल

ती. सौ. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझे फोन मी घेतले नाहीत, माफ कर. अण्णांसमोर बोलणं शक्य नव्हतं. तू आली नाहीस तेच बरं झालं.

प्रदर्शनाच्या सकाळी पाटीवर फडकं होतं. उद्घाटनाला कोण येणार ते आम्हाला सांगितलं नव्हतं. हिरो आला. सेक्रेटरींनी मला बाजूला घेतलं आणि म्हणाले, ऐन वेळी त्यांनी यायचं कबूल केलं, आता त्यांच्या तोंडावर हे कसं लावायचं, तुम्हीच सांगा. फडकं निघालं तर पाटीवर त्याचं नाव. त्याने स्वतः जिन्यावरून उतरवलेल्या गाडीची हुबेहूब नक्कल, असं. अण्णांच्या खुर्चीवरून पाटी सरळ समोर होती. त्यांनी ती वाचली, मी त्यांच्याकडे बघत होतो.

मग पडद्यावर तो प्रसंग लावला. गाडी उलटली, टाळ्या पडल्या, सलामाला हशा पिकला. हिरो काठी टेकत लोकांतून फिरत आमच्यापाशी आला. म्हातारा झालाय, हात कापतात. अण्णांना बघून वाकला आणि मायेने विचारलं, पायांना काय झालं? अण्णा म्हणाले, जिन्यावर पडलो. तो म्हणाला, जपायला हवं, आपल्या वयाला जिने वाईट. मी तोंड उघडलं, तर अण्णांनी माझं मनगट असं आवळलं की अजून वळ आहे. हिरोच्या माणसाने त्याचा एक फोटो पुढे केला. हिरोने पेन काढलं आणि अण्णांना विचारलं, कोणाच्या नावाने लिहू?

अण्णांनी पूर्ण नाव सांगितलं, आजोबांच्या नावासकट. सावकाश, एकेक शब्द. आणि त्याच्या तोंडाकडे बघत राहिले. ताई, तो काही थांबला नाही, दचकला नाही. नाव लिहिलं, खाली "सप्रेम" लिहिलं, सही ठोकली आणि पुढच्या माणसाकडे वळला.

परतताना मी गाडीत शिव्या देत होतो. मग म्हटलं, अण्णा, तुम्ही मला का अडवलं? ते म्हणाले, ढोंग नव्हतं रे ते. त्याला खरंच वाटतंय की तोच होता.

त्या दिवसापासून ते धड जेवत नाहीत. टीव्ही बंद. तोंड भिंतीकडे. कूस बदलायला गेलं की म्हणतात, असू दे. काल मला हाक मारली, तो चेहऱ्याचा कागद मागितला, डोळ्यांजवळ नेऊन बघत राहिले आणि मला विचारलं, हा मीच ना रे? मी म्हटलं, हो तर! ते म्हणाले, तुला काय माहीत, तू पाळण्यात होतास.

तू काहीतरी लिही. त्यांना लिही, मला नको.

तुझा,
बारक्या

२४ एप्रिल

ती. अण्णांस,
शि. सा. न. वि. वि.

बारक्या, हे मोठ्याने वाच आणि मधे रडू नकोस.

अण्णा, मी तुम्हाला आजवर कधी पत्र लिहिलं नाही. तुमच्याशी त्या दिवसाबद्दल बोलायची मला भीती वाटायची. मला वाटायचं, मी काढलं नाही तर तुम्हाला आठवणार नाही. किती मूर्ख मी.

पहिल्या फेरीला तुम्ही वरून निघालात तेव्हा आईने डोळे मिटून घेतले. मी मिटले नाहीत. गाडी पायऱ्यांवरून आपटत, टप्प्याटप्प्याला उसळत खाली आली आणि वळण घेऊन अगदी आमच्यासमोर उभी राहिली. तुम्ही खिडकीतून हात बाहेर काढलात. हाताच्या पाठीवर खरचटलं होतं. तुम्ही मला विचारलंत, घाबरलीस का गं? मी म्हटलं, नाही, आणखी एकदा करा. मग तुम्ही हसलात आणि म्हणालात, तुझ्या आईला विचार. आई तुम्हाला खूप बोलली. हिरो तेव्हा झाडाखाली खुर्चीवर बसून सरबत पीत होता. मी त्याला बघितलं, कारण मला सरबत हवं होतं.

त्याला काय वाटतं ते त्याला वाटू दे. पाटी ज्यांनी लिहिली ते तिथे नव्हते. मी होते. मी परवा निघतेय, तोवर जेवा. आल्यावर तुम्हाला हवं तितक्या वेळा सांगेन, भिंतीकडे तोंड करून झोपलात तरी सांगेन. तो तुम्हीच होतात, अण्णा. त्या गाडीत दुसरं कोणीही नव्हतं.

तुमची,
मोठी