पंचाहत्तरावं नाव

तीर्थरूप मामा,

साष्टांग नमस्कार. तुमचं पत्र पोचून तीन आठवडे झाले, उत्तराला उशीर केला, कान धरतो. मामीचा गुडघा आता जिना चढू देतो हे वाचून बरं वाटलं. तुमच्या कानाचं यंत्र दुरुस्त झालं का? (झालं नसेल तर घाई करू नका, हल्ली ऐकण्यासारखं कुणी फारसं बोलत नाही.) आम्ही सगळे धडधाकट आहोत.

तुम्ही विचारलंत, आमच्या प्रयोगशाळेने नवं मूलद्रव्य शोधल्याची बातमी वर्तमानपत्रात आली, तीत तुझं नाव का नाही? आयुष्यभर वर्गात रसायनशास्त्र शिकवलंत मामा, नेमकं दुखऱ्या जागी बोट ठेवण्याची सवय अजून गेलेली नाही. सांगतो.

माझं काम चक्री करण्याचं. कागदाहून पातळ पत्र्यावर एका किरणोत्सारी जड धातूचा थर चढवायचा, असे बारा तुकडे एका चक्रीवर बसवायचे. ती यंत्रात गरगर फिरते आणि तिच्यावर कॅल्शियमचे अणू आदळत राहतात. (एका जागी ठेवली तर जळून भोक पडतं.) असंख्य अणू वाया गेल्यावर एखादा चिकटतो, आणि पूर्वी कुणीही न पाहिलेला एक भलताच जड अणू तयार होतो. पापणी लवायच्या आत तो मोडतो. चौदा महिन्यांत आम्हाला असे तीन मिळाले. तीन किलो नव्हे, तीन कणही नव्हे, तीन अणू! एवढ्या भांडवलावर आमचे रसायनवाले छातीठोक सांगतात की हा पदार्थ पुरेसा जमला असता तर चटकन उडून गेला असता आणि रंगाने बहुधा चंदेरी दिसला असता. (न जन्मलेल्याच्या स्वभावाबद्दल इतकं ठाम बोलताना मी फक्त आमच्या आत्याला ऐकलं आहे.) या तिघांसाठी मी एकोणीस चक्र्या केल्या. काचेच्या पेटीत कोपरापर्यंत हात घालून, शिंक आली तर गिळून.

शोध जाहीर झाला त्या दिवशी सभागृहात सगळ्यांचा एकत्र फोटो काढायचं ठरलं. मी नवा सदरा घालून दुसऱ्या रांगेत जागा धरली. तेवढ्यात मोठे साहेब म्हणाले, “अहो चक्रीवाले, तुमचा हात स्थिर आहे, तुम्हीच काढा.” काढला. उत्तम आला आहे. त्यात सगळे आहेत.

मग शोधनिबंध छापून आला. त्यावर चौऱ्याहत्तर नावं. मी खाली बोट फिरवत तीनदा वाचली. त्यात एक गृहस्थ असे, जे पहिला अणू मिळण्यापूर्वीच नोकरी सोडून गुलाबाची रोपं विकायला लागले होते. एक बाई, ज्यांनी निबंधातले स्वल्पविराम तपासले. मी नाही. घरी सांगितलं तर तुमची भाचेसून म्हणाली, “तुम्ही विचारलंत का पण?” तिला वाटतं विचारलं की मिळतं. मी विचारलं. दोन अर्ज केले. पहिला हरवला, दुसरा सापडला पण तो “संबंधित विभागाकडे” होता, आणि संबंधित विभाग कोणता हे कुणालाच ठाऊक नव्हतं. शेवटी मोठ्या साहेबांच्या खोलीत जाऊन उभा राहिलो.

“तुमचं योगदान अमूल्य आहे,” ते म्हणाले.

“मग छापा ना.”

“तसं नसतं हो. तुम्ही तांत्रिक साहाय्य. नियमात बसत नाही.”

“चक्री नसती तर कॅल्शियम कशावर आदळलं असतं? तुमच्या टेबलावर?”

हे बोलून गेलो, आणि तेवीस वर्षांची नोकरी डोळ्यांसमोरून गेली. त्यांनी पाण्याचा पेला उचलला आणि न पिता ठेवला. त्या दिवसापासून माझा हात थरथरू लागला. (खरोखर नव्हे, मामा. पण चक्री करणारा दुसरा कुणी नाही, आणि हात थरथरतो असं म्हणणाऱ्याला करून दाखव असं कोण म्हणणार?) पुढचा प्रयोग अडला. परदेशातले पाहुणे रिकाम्या यंत्रासमोर कॉफी पीत बसले. बाराव्या दिवशी माझ्या टेबलावर शुद्धिपत्र येऊन पडलं. चौऱ्याहत्तर नावांच्या खाली पंचाहत्तरावं नाव माझं, आडनावात एक अक्षर चुकून. मी आनंदाने रडलो म्हणा किंवा कशानेही म्हणा. दुसऱ्या दिवशी हात बरा झाला.

तेव्हा कळवण्यास आनंद वाटतो की तुमचा भाचा आता शोधक आहे. मामीला नमस्कार.

तुमचा,
भाचा

ता. क. निबंधावर नाव आलं म्हणून काल तो पहिल्यांदा पूर्ण वाचला. (आधी फक्त नावं वाचली होती.) तीनपैकी दोन अणूंच्या खुणा अर्धवट आहेत, सगळा दावा तिसऱ्यावर उभा आहे. तो मोडत मोडत गेला आणि नऊ मिनिटांनी त्याच्या उरलेल्या तुकड्याने फुटताना मोजणीच्या पेटीत मोठा ठोका दिला, तोच पुरावा. ठोक्याची तारीख आणि वेळ सेकंदासकट छापली आहे. माझी रोजची वही काढून पाहिली. त्या वेळी यंत्र थांबलं होतं आणि मी आत पंप बघत होतो. माझ्या हातून पाना निसटून मोजणीच्या पेटीवर आपटला होता. वहीत लिहिलंय, “पाना पडला. पेटीला पोचा नाही.” दुसऱ्या कुणाला सांगण्यासारखं तेव्हा काही वाटलं नाही.

ता. क. २. तुमच्या भाचेसुनेला दाखवलं. ती म्हणाली, “आत्ता जा आणि सांगा.” मी गेलो, साहेबांच्या दाराशी दहा मिनिटं उभा राहिलो आणि परत आलो. आत नव्या मूलद्रव्याला नाव काय द्यायचं यावर भांडण चालू होतं, आणि सगळे इतके खूश होते.

ता. क. ३. मुख्य काम राहिलंच. तुमची अर्जाची भाषा चांगली आहे. माझं नाव यादीतून काढावं असा एक अर्ज तयार करून पाठवाल का? कारण काय घालायचं ते मात्र तुम्हीच ठरवा. “प्रकृतीच्या कारणास्तव” घातलं तर एकच नाव जाईल. खरं घातलं तर पंचाहत्तर.