हळदीकुंकवातली सही

॥ श्री ॥
क्वेकर्स हिल, सिडनी
९ फेब्रुवारी २०२५

ति. सौ. श्यामलाताईस,
धाकट्या सुनेत्राचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र डार्विनच्या पावसात भिजून, सुकून, पापड होऊन पोचलं. विश्रामभावोजींची खोकल्याची हकिकत तेवढी वाचता आली नाही, पण तू वैतागलेली होतीस म्हणजे ते बरे असणार.

हे फोनवर सांगता येण्यासारखं नाही. नवरा घरात असतो आणि विषय त्याच्या मित्राचा आहे. गेल्या रविवारी स्कोफिल्ड्सला चित्रलेखावहिनींकडे हळदीकुंकू झालं. त्यांचा नवरा शैलेंद्र मिहिरचा युनिव्हर्सिटीपासूनचा मित्र आणि आमच्या वेअरहाऊसमधला शिफ्ट मॅनेजर, हे तुला माहीत आहेच. आम्हा सगळ्या मराठी बायकांना तिथं त्यानंच चिकटवलं. लोक घरबसल्या ऑर्डर देतात, आम्ही दिवसभर चालून त्या वस्तू गोळा करतो. शिफ्ट संपली की घड्याळ बंद होतं आणि मग तपासणीची रांग सुरू होते. पिशव्या उघडा, खिसे दाखवा. माझं मंगळसूत्र मेटल डिटेक्टरच्या दारात वाजतं, म्हणून मला बाजूला वेगळं उभं करतात. त्या वेळेचा पगार नाही. त्याबद्दल एका वकिलांच्या फर्मनं सगळ्या कामगारांतर्फे कोर्टात दावा लावलाय. आपण काही केलं नाही तर त्यात आपोआप असतो. नको असेल तर बाहेर पडायचा फॉर्म भरायचा.

वहिनींनी वाण म्हणून स्टीलचे डबे दिले आणि प्रत्येक डब्यात तो फॉर्म. ह्यांनी सांगितलंय, सही केली की आपल्या बायकांच्या शिफ्टना धक्का लागायचा नाही, असं त्या हसत हसत म्हणाल्या. मी दाराशी पहिली बसले होते. कपाळाला नुकतं कुंकू लावलेलं, तोंडात तिळगूळ, नाही कुठल्या तोंडानं म्हणणार? मी सही केली. माझ्यामागोमाग सगळ्यांनी केली. माझी मैत्रीण सुनीती दुधाच्या बाटलीमागचा मजकूरसुद्धा वाचणारी. तिनं एकदा माझ्याकडे पाहिलं आणि न वाचता सही केली.

तो डबा मी अजून वापरायला काढलेला नाही. मी उगाच घाबरते का गं?

रागावून का होईना, पण लवकर लिही.
तुझी,
सुनेत्रा

॥ श्री ॥
डार्विन
२२ फेब्रुवारी २०२५

चि. सौ. सुनेत्रास,
अनेक आशीर्वाद. त्यातला एक अक्कल येण्यासाठी.

पत्र हॉस्पिटलच्या कँटीनमध्ये वाचलं आणि चहा तसाच राहिला. तू पाचवीत असताना कासार दारात आला होता, आठवतं? त्यानं तुझ्या हातात दोन मापं लहान बांगड्या चढवल्या. बिचारा एवढा उन्हात आलाय म्हणून तू हूं की चूं केलं नाहीस, आणि शेवटी आईनं साबण लावून काढल्या. आता आई पुण्यात आहे, साबण लावायला कोण येणार?

कुठलीही सही वाचल्याशिवाय करायची नाही हे मी तुला इथं आल्या दिवशी सांगितलं होतं. शैलेंद्रला जर तो फॉर्म इतका बिनधोक वाटत होता, तर त्यानं कामावर सगळ्यांसमोर का नाही दिला? बायकोच्या करंड्याआडून का दिला? हे तू स्वतःला विचार.

तो मागे घेता येतो का, याची चौकशी कर. वहिनींना काय वाटेल, मिहिरला काय वाटेल, हे मला कळवू नकोस. भावोजी बरे आहेत आणि माझ्यापेक्षा जास्त आंबे खातात. स्पृहाला मावशीचा पापा.

तुझ्यावरच्या काळजीनं चिडलेली,
ताई

॥ श्री ॥
क्वेकर्स हिल
१७ ऑगस्ट २०२५

ति. सौ. ताईस,
सा. न. वि. वि. इतके महिने फोनवर फक्त हवापाण्याचं बोलले, त्याबद्दल आधीच कान पकडते.

मी चौकशी केली नाही. शैलेंद्रभावजींना मार्चमध्ये एकदा विचारलं, तेव्हा ते नो वरीज म्हणाले आणि मी ते धरून बसले. आता कंपनीनं तडजोड केली आहे. दाव्यात राहिलेल्या सगळ्यांना त्या रांगेतल्या वेळेची भरपाई मिळणार. हळदीकुंकवाला आलेल्या आम्हा बायकांना नाही. आणि शिफ्टचं म्हणशील तर त्या या हिवाळ्यात तशाही कमी झाल्या, सगळ्यांच्याच.

सुनीती काल घरी आली. तिचा नवरा सोहम कंबरेच्या ऑपरेशननंतर अजून घरीच आहे, घराचा हप्ता तिच्या एकटीवर. ती भांडली असती तर बरं झालं असतं. ती इतकंच म्हणाली की तू केलीस म्हणून मी केली. ताई, मला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं.

मी त्या दाव्याच्या वकीलबाईंना भेटले. त्या म्हणाल्या, तडजोडीला मंजुरी देण्याआधी कोर्टाला विनंती करता येईल, आम्हाला परत घ्या म्हणून. खात्री नाही. पण सह्या कुणी, कुठं, काय सांगून घेतल्या हे कुणीतरी शपथेवर लिहून द्यायला हवं. बाकीच्या माझ्याकडे बघतात. त्या दिवशी पहिली बसले होते ना.

लिहून दिलं तर शैलेंद्रभावजींची नोकरी धोक्यात येते. आणि वहिनी? स्पृहा झाली तेव्हा आईला व्हिसा मिळाला नव्हता. आम्ही तेव्हा लांब राहायचो, तरी वहिनी रोज दोन ट्रेन बदलून यायच्या, डिंकाचे लाडू करायच्या, पोरीला तेल लावायच्या. त्यांच्या घरावर मी आपल्या हातानं हे आणू? जेवण जात नाही. मिहिरला अजून काही सांगितलेलं नाही.

तू सांगशील तसं करते.
तुझी,
सुनेत्रा

॥ श्री ॥
डार्विन
२६ ऑगस्ट २०२५

चि. सौ. सुनेत्रास,
अनेक आशीर्वाद, या वेळी टोमण्याविना.

तुझ्या बाळंतपणात मला रजा मिळाली नव्हती. वहिनींनी आईची आणि माझी दोघींची जागा भरून काढली. मी त्यांना कधी भेटले नाही, तरी त्यांचं नाव घेतलं की माझा हात आपोआप जोडला जातो. त्यामुळे हे लिहिताना मला सोपं जातंय असं समजू नकोस.

पण सुनीतीनं तुझ्या भरवशावर सही केली. तो भरवसा तुला वहिनींच्या लाडवांच्या बदल्यात देता येणार नाही, कारण तो तुझा नाही, तिचा आहे. लिहून द्यायचं असेल तर चोरून देऊ नकोस. आधी वहिनींच्या घरी जा, समोर बसून सांग, मग सही कर. त्यांना वकिलाच्या कागदावरून कळलं तर ते मला कधी आवडणार नाही. मिहिरलाही आधी सांग.

आणि एक. मी म्हणते म्हणून काही करू नकोस. नाहीतर तीही भीडच झाली, फक्त माझी. तुला स्वतःला पटलं तर कर, नाही पटलं तर तसं लिही, मी तुझीच बहीण आहे.

उद्या गणपती बसतोय. त्याच्यापुढे तुझंच नाव घेणार आहे.
ताई

॥ श्री ॥
क्वेकर्स हिल
१४ सप्टेंबर २०२५

ति. सौ. ताईस,
सा. न. वि. वि.

जाऊन आले. वहिनी गणपतीचं मखर उतरवून खोक्यात भरत होत्या. मीही भरू लागले आणि भरता भरताच सगळं सांगितलं. त्यांनी मिहिरला माहीत आहे का, एवढंच विचारलं. त्याला त्याच दिवशी सकाळी सांगितलं होतं. तेव्हापासून तो माझ्याशी फक्त स्पृहाच्या शाळेपुरतं बोलतोय.

मी निघाले तेव्हा त्या आत गेल्या. सवयीनं मी कपाळ पुढं करून उभी राहिले, कुंकू आणायला गेल्या असतील म्हणून. त्या माझा डबा घेऊन आल्या. मी गौरीला करंज्या पाठवल्या होत्या तो. घासून पुसून लख्ख केलेला आणि रिकामा. ताई, आजवर त्या घरातून माझा डबा कधी रिकामा आला नव्हता, दोन लिंबं का होईना असायचीच. गाडीत बसले आणि हुंदका आवरेना.

दुसऱ्या दिवशी शपथपत्रावर सही केली. या वेळी ओळ न् ओळ वाचून. त्यानंतर कामाच्या ऍपवर मला एकही शिफ्ट आलेली नाही. मला पटलं होतं म्हणून केलं. तरी भीती वाटते की सुनीतीलाही काही मिळायचं नाही आणि वहिनीही गेल्या त्या गेल्याच.

मनातून उतरले नसेन तर लिही.
सुनेत्रा

॥ श्री ॥
क्वेकर्स हिल
२६ जानेवारी २०२६

ति. सौ. ताईस,
सा. न. वि. वि.

निकालाचं फोनवर सांगितलंच. कोर्टानं आम्हाला सगळ्यांना दाव्यात परत घेतलं. सुनीती माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडली. शैलेंद्रभावजींची नोकरी राहिली पण मॅनेजरपण गेलं, आता तेही आमच्यासारखे चालतात आणि त्याच रांगेत उभे राहतात. हो, रांग आहेच, फक्त घड्याळ चालू असतं. मला दुसऱ्या शिफ्टमध्ये घेतलंय.

जे फोनवर सांगितलं नाही ते आता सांगते. काल रथसप्तमीचं हळदीकुंकू वहिनींकडे होतं. सगळ्यांना बोलावणं होतं, मला नव्हतं. सुनीतीनं चाचरत विचारलं, जाऊ का म्हणून. मीच जा म्हटलं. मग दुपारभर मिहिरवर उगाच खेकसत होते. तो बिचारा आता पुन्हा बोलायला लागलाय तर त्याला हे बक्षीस.

संध्याकाळी बेल वाजली. लाडूवाली काकू आली, असं स्पृहा दारातूनच इंग्रजीत ओरडली. वहिनी काठापदराच्या साडीत घामाघूम उभ्या होत्या. एका हातात करंडा, दुसऱ्या हातात भरलेला डबा. उंबऱ्याच्या आत पाऊल टाकेनात. म्हणाल्या, तुला बोलावलं असतं तर तू भिडेखातर आली असतीस, आणि माझ्या घरात कुणी भिडेखातर काही करावं हे मला पुन्हा नकोय. म्हणून मीच आले. तू नको म्हणालीस तर इथूनच जाईन.

ताई, आयुष्यात पहिल्यांदा कुणाला तरी उत्तरासाठी दारात उभं ठेवलं. राग होता गं, तो रिकामा डबा अजून सलत होता. त्याही तशाच उभ्या राहिल्या, हसल्या नाहीत, घाई केली नाही.

मग मी कपाळ पुढं केलं.

डब्यात डिंकाचे लाडू होते. निम्मे तुला पोस्टानं पाठवतेय, भावोजींना लपवून खा.

तुझीच, आता वाचून सही करणारी,
सुनेत्रा