नंबर तोच आहे

शिवडी,
२५ ऑगस्ट

प्रिय मेघना,

पत्र बघून दचकशील. एका खोलीत, एका गोधडीत वाढलेल्या आपण दोघी, आपल्याला कधी पत्राची गरज पडली नाही. डॅरेन कामावर आणि कॅरिसा शाळेत गेली की मग वाच. उभ्याने वाचू नकोस.

नंबरापासून सुरुवात करते, कारण सगळं त्याच्यापासूनच झालं. दर रविवारी तू ज्या नंबरवर फोन करतेस तो आईचा. तू घर सोडलंस त्याच्या तीन वर्षं आधी तूच पहिल्या पगारातून तिला तो घेऊन दिलास. तिला आकडे धड वाचता येत नव्हते, पण तो नंबर तू तिच्याकडून घोकून घेतलास, पाढे म्हणून घ्यावेत तसा. मग तू माझगावच्या त्या किरिस्तावाशी लग्न करते म्हणालीस आणि बाबांनी दार लावून घेतलं. बाबा काय बोलले ते तुला पाठ आहे. आई काय बोलली ते तुला ठाऊक नाही, कारण ती काहीच बोलली नाही. फक्त त्या दिवसापासून तिने फोन अंगावेगळा केला नाही. मस्कतला गेलात, तुझा नंबर बदलला, तिच्याकडे तुझा काही पत्ता उरला नाही. पण तुझ्याकडे तिचा होता, एवढ्यावर ती जगत होती. आंघोळीला जाताना फोन माझ्या हातात देऊन जायची आणि बाहेर आली की पहिला प्रश्न, कोणाचा आला काय गो. मी दिवसभर इस्पितळाच्या लिनन स्टोअरमध्ये रक्ताच्या चादरी मोजून घरी यायचे, तिच्या समोर बसून जेवायचे, आणि ती माझ्या खांद्यावरून त्या फोनकडे बघत असायची. नऊ वर्षं, मेघना. एवढी वर्षं समोर बसलेल्या माणसाला कोणी एकदाही पाहू नये, हे काय असतं ते तुला कळणार नाही. तुला सगळ्यांनी पाहिलं. नाही म्हणणाऱ्यांनीसुद्धा.

बाबा गेले. लालबागची चाळ पाडायला काढली, आम्हाला इथे शिवडीला संक्रमण शिबिरात आणून टाकलं. शेजारीपाजारी कोणी परळला, कोणी थेट विरारला. तेव्हा आई सामानाच्या बोचक्यावर बसून म्हणाली होती, चाळ पाडलेली चालात, माझो नंबर पाडूक देवचंय नाय. आणि २०१८च्या सुरुवातीला नेमकी ती कंपनीच बंद पडायला आली. दुकानाबाहेर ही रांग. नंबर ठेवायचा असेल तर दुसऱ्या कंपनीत न्या, नाहीतर गेला. आईने दोन दिवस अन्न सोडलं. मीच मेसेज पाठवला, पोर्ट लिहून १९००वर. कोड यायला चार दिवस लागले. मीच तिला रिक्षाने दुकानात नेलं, तिने यंत्रावर अंगठा ठेवला. बोटं झिजलेली तिची, अंगठा उमटेना. त्या मुलाने पाच वेळा पुसून ठेवायला लावला. ती तुझी आठवण काढून म्हणत होती, बाळा, नीट बघ हां, ह्यो नंबर माझ्या चेडवाक म्हायती आसा. हे सगळं मी मनापासून केलं. तू विश्वास ठेव किंवा ठेवू नकोस.

नवीन सिम आलं, पण आईच्या जुन्या डबड्यात ते चालेना. मी माझ्या फोनच्या दुसऱ्या खणात घातलं, म्हटलं पगार झाला की तिला साधासा फोन घेऊ. चौथ्या दिवशी तुझा फोन आला.

सकाळचे अकरा वाजले होते. सुट्टी होती माझी. तू म्हणालीस, आई? मी म्हटलं, नलू. तू लगेच म्हणालीस, ताई, आईला दे. कशी आहेस, एवढंही नाही. नऊ वर्षांनी ताईचा आवाज ऐकलास आणि म्हणालीस, आईला दे. आई बाहेर सामाईक गॅलरीत मेथी निवडत होती. मला तिचे हात दिसत होते. मी म्हटलं, आई गेली.

मी ठरवलं नव्हतं. शब्द तोंडातून पडले. तू जी किंकाळी फोडलीस तेव्हा मागे घ्यायला हवे होते, अर्धं मिनिट तरी होतं माझ्या हातात. पण तू रडत रडत म्हणालीस, ताई, फोन ठेवू नकोस, तुझ्याशिवाय आता माझं कोणी नाही. आणि मी फोन ठेवला नाही. तासभर बोललो आपण. कधी, कशाने, शेवटी काय म्हणाली, सगळं विचारलंस आणि मी सगळं दिलं. गेल्या श्रावणात, झोपेत, तुझं नाव घेऊन. तुला बरं वाटावं म्हणून तुझं नाव घातलं मी त्यात. एवढा वेळ माझ्याशी आयुष्यात कोणी बोललं नव्हतं.

मग दुसरं खोटं बोलावंच लागलं. संध्याकाळी आईला सांगितलं, कोडची मुदत टळली, नंबर काही आला नाही, गेला तो. तिने विचारलं, गेलो म्हणजे? म्हटलं, बंद झाला कायमचा. ती उठली, मोरीत गेली आणि डोक्यावरून आंघोळ केली, मेल्याची बातमी आल्यावर करतात तशी. थंड पाण्याने. बाहेर आली आणि केस न पुसता भिंतीकडे तोंड करून निजली. म्हणजे एकाच दिवशी, मेघना, तू तिकडे आईचं सुतक धरलंस आणि तिने इकडे तुझं. मी दोघींच्या मधे बसून भात खाल्ला.

पुढची सात वर्षं तुला माहीतच आहेत, आपले रविवार. तुझ्या पोरीला गोवर आला तेव्हा मी सांगितलेला कडुनिंबाचा पाला मस्कत सोडून तुम्ही गेलात त्या ऑकलंडमध्ये मिळेना म्हणून तू रडलीस. डॅरेनशी भांडलीस की पहिला फोन मला. ताई, आता तूच माझी आई, असं तू किती वेळा म्हणालीस ते मी मोजलं नाही, पण प्रत्येक वेळचा दिवस मला आठवतो. मी खाली उतरून रेती बंदरच्या रस्त्याला फोनवर बोलत चालायची. आई वरून विचारायची, कोणाशी गो बोलतस येवढा? मी सांगायची, इस्पितळातली मैत्रीण. तू पाठवलेला मध आईने दोन वर्षं चहात घालून घेतला. मॅट्रनने दिला म्हणून सांगितलं होतं. ती त्या मॅट्रनला आशीर्वाद द्यायची.

आणि गेल्याच्या गेल्या डिसेंबरात तू आलीस. ते मी लिहायलाच हवं. दादरला त्या हॉटेलात कॅरिसा माझ्या पाया पडली, तू आधी शिकवून आणलं होतंस तिला. तू म्हणालीस, ताई, जिथे आई गेली ती खोली दाखव. मी म्हटलं, ती खोली सोडली मी, मैत्रिणीकडे असते. आई तेव्हा टॅक्सीने पंधरा मिनिटांवर होती, मेघना. मटार सोलत होती, कारण मी सांगून निघाले होते की बँकेतून येताना उशीर होईल, तू मटार सोलून ठेव. आणि तू आईचा फोटो मागितला होतास ना, आधी दोन महिने मागे लागली होतीस? तो फोटो तू येण्याच्या आदल्या आठवड्यात काढला. तुझ्या भिंतीवर चंदनाच्या हारात जी आई आहे, ती फोटोग्राफरला म्हणत होती, रे बाबा, माझे दात दिसूक नको. मी तिला सांगितलं होतं, नव्या जागेच्या कागदांना लागतो. तिने ठेवणीतलं हिरवं लुगडं काढलं, केसांना तेल लावलं. हार मी प्लाझाच्या बाजूला घेतला. तू तो फोटो छातीशी धरून हॉटेलात रडलीस आणि कॅरिसा तुझ्या पाठीवर हात फिरवत होती. माझ्या डोळ्यांत पाणी आलं नाही. मला एवढंच वाटलं, की आता ही दुसऱ्या दिवशी विमानात बसली की झालं.

झालं नाही. आज सोमवार, तीन आठवडे झाले त्या गोष्टीला. नव्या टॉवरमध्ये आम्हाला जागा मिळाली आहे, पण तिथे या कंपनीची रेंज येत नाही. तुझे रविवार तुटतील म्हणून मी नंबर पुन्हा तिसऱ्या कंपनीत न्यायचं ठरवलं. पण नंबर अजून आईच्याच नावावर. तिचा फोटो हवा, तिथल्या तिथे काढलेला. पेन्शनचं काम म्हणून तिला परळला दुकानात नेलं. काउंटरवर एक गोड मुलगी होती, श्रेया. म्हणाली, आजी, इकडे बघा, डोळे मिचकवा. आईने मिचकवले. मग तिने कायद्याप्रमाणे नंबर मोठ्याने वाचायला घेतला. मी म्हटलं, राहू दे, आजींना ऐकू येत नाही. ती म्हणाली, विचारावं लागतं मॅडम. पहिले चार आकडे तिने वाचले. उरलेले सहा आईने म्हटले. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या बाईने, एका दमात, तू शिकवलेल्या चालीवर.

मग माझ्याकडे वळून म्हणाली, नले, ह्यो नंबर गेल्लो मां?

खाली रस्त्यावर, ज्यूसवाल्याच्या स्टुलावर बसली आणि म्हणाली, तिचो फोन येता? मी म्हटलं, येतो. कधीपासून? मी सांगितलं. तू काय सांगलंस तिका? तेही सांगितलं, आणि तू येऊन गेलीस तेही. मला वाटलं मारेल, निदान ओरडेल. तिने जे विचारलं ते मी तुझ्यापासून लपवू शकले असते, पण आता काहीच लपवायचं नाही असं ठरवलंय. ती म्हणाली, आणि तिना मानल्यान? मी मेलंय म्हणान सांगलंस आणि तिना मानल्यान? गावात काकाक एक फोन करून इचारल्यान नाय? हंय इली, तरी शिवडीत येवन बघल्यान नाय? मी म्हटलं, तिचा माझ्यावर विश्वास होता. आई म्हणाली, तुका मी जन्म दिलंय, तुझो विश्वास नाय धरूचो ह्या माका म्हायती आसा. तिका कसा नाय कळला?

घरी आल्यावर तिने माझा फोन मागून घेतला. सिम काढ म्हणाली नाही, नुसता हात पुढे केला. तेव्हापासून तो तिच्या उशाशी आहे. माझ्या हातचं पाणी घेत नाही. शेजारच्या ॲन्टोनेटबाई पेज आणून देतात तेवढी घेते, तीही अर्धी. ॲन्टोनेटबाईंना वाटतं आम्ही जागेवरून भांडलो.

तू गेल्या तीन रविवारी फोन केलास. मधल्या वारीही केलास. वाजतो तेव्हा आई उठून बसते, पदर सारखा करते, फोन मांडीवर घेते. पडद्यावर तुझा आणि कॅरिसाचा फोटो येतो, तो ती बघते. बोट पुढे नेते. आणि मग थांबते. पहिल्या रविवारी मी म्हटलं, आई, उचल गो, हिरव्यावर दाब. ती माझ्याकडे न बघता म्हणाली, मेल्ली माणसां फोन उचलनत नाय.

दुसऱ्या कुणाच्या फोनवरून तुला सांगता आलं असतं. पण तुझा आवाज ऐकला की मी पुन्हा काहीतरी बनवून सांगेन, हे मला ठाऊक आहे. कागदावर तेवढं जमत नाही. माफी मागायला लिहीत नाही. माफ केलंस तर मला तू परत हवी होशील, आणि मला काही हवं झालं की काय होतं ते वर लिहिलंच आहे. काल पाचव्यांदा रिंग झाली. आईचं बोट या वेळी काचेला लागलं होतं, मी बघितलं. मी दारात उभी राहून देवाला म्हणत होते, नको उचलू दे, नको उचलू दे. तिने उचलला नाही, रिंग थांबली, आणि मला बरं वाटलं. म्हातारी पोटात अन्न नाही म्हणून भिंतीला टेकून बसली होती आणि मला बरं वाटलं. त्या बरं वाटण्याची मला इतकी भीती वाटली की आज सकाळी पोस्टात जाऊन पाकीट घेऊन आले. आई जिवंत आहे. पत्ता पाकिटाच्या मागे लिहिला आहे. फोन करत बसू नकोस, ये.

तुझीच,
नलू