डावी बाजू दोन बोटं उंच

अण्णा, काल माझ्या गाडीचे मागचे स्प्रिंग बदलून घेतले. बनशंकरीच्या रस्त्यावरच, आपल्या गाडीच्या मेस्त्रींची शेड होती तिथून जवळ. शेड केव्हाच गेली, आता तिथे मिठाईचं दुकान आहे. वर्कशॉपवाल्यांनी मला बाहेर खुर्चीवर बसवलं, गाडी वर उचलली, खाली उतरवली आणि चहा संपायच्या आत किल्ली हातात दिली. उंची किती ठेवलीत, म्हणून विचारलं तर म्हणाले, ती कंपनीच ठरवते, मॅडम. आत माणसं बसवून बघायचं नसतं का, असं विचारल्यावर मात्र तो माणूस हसला. मीही हसले, पण घरी आल्यापासून तुमच्याशी भांडावंसं वाटतंय. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की आता भांडून काही मिळणार नाही, हे मलाही कळतं. तरी एक गोष्ट मला तेव्हा समजली नाही आणि अजून समजलेली नाही, आणि ती तुम्हाला सोडून विचारणार तरी कुणाला?

आपली ती काळी विलायती गाडी. तुम्ही पंप विकायला लागलात आणि आनेकलच्या वाटेवरच्या मळ्यांत पंप पोचवता पोचवता तिच्या मागच्या स्प्रिंगांचे पाटे पार बसले. आत्या मागे बसली की मडगार्ड चाकाला घासायचं. मग तुम्ही आरशातून तिच्याकडे बघायचात आणि ती म्हणायची, ‘माझ्याकडे काय बघतोस, त्या पंपांना बोल.’ शेवटी तुम्ही जास्तीचे पाटे घालून नवे, कडक स्प्रिंग बनवून घेतलेत. नेमकं त्याच आठवड्यात मला बडोद्याच्या कॉलेजातून नोकरीचं बोलावणं आलं. बसवनगुडीतल्या आपल्या नात्यागोत्यात तोवर कुठली मुलगी लग्नाआधी एकटी परगावी गेली नव्हती. मी तुम्हाला विचारलं, जाऊ का? तुम्ही जेवत होतात. सारभात कालवता कालवता म्हणालात, ‘आधी गाडीचं होऊ दे.’ गाडीचा आणि बडोद्याचा संबंध काय, म्हणून मी आईला विचारलं, तर ती म्हणाली, ‘त्यांना काही सुचेनासं झालं की ते गाडीखाली जातात. येतील बाहेर.’ तो आठवडाभर मी वाढताना तुमच्या तोंडाकडे बघत होते. हो म्हणा नाहीतर नाही म्हणा, पण हे अधांतरी राहणं मला सोसत नव्हतं. राग येत होता तुमचा, खूप.

नवे पाटे घातले की रिकामी गाडी मागून वर उचललेली दिसते, भांडायला निघालेल्या कोंबडीसारखी. तिला खाली आणायला मागच्या चाकांचा आस आणि त्याखालचा पाटा यांच्यामध्ये लोखंडी ठोकळा घालायचा. ठोकळा जितका जाड, तितकी त्या बाजूची गाडी खाली. पण किती खाली, हे रिकाम्या गाडीवर ठरवायचं नाही, हा तुमचा हट्ट. मेस्त्री बिचारे वाळूची पोती घालू म्हणत होते. तुम्ही म्हणालात, ‘गाडीत पोती बसणार नाहीत, माझी माणसं बसणार.’ म्हणून रविवारी सकाळी आपण सगळे शेडमध्ये हजर. आत्या तर लग्नाला निघाल्यासारखी इरकली नेसून आलेली. तुम्ही स्टिअरिंगवर, आई शेजारी, आत्या तुमच्या मागे आणि मी आईच्या मागे, डाव्या बाजूला, माझ्या नेहमीच्या जागेवर. तुम्ही गाडी पुढे घेता, मागे घेता, पाटे नीट बसावेत म्हणून. मग ती मेस्त्रींच्या खड्ड्यावर उभी करता. मेस्त्री चाक आणि मडगार्ड यांच्यामध्ये बोटं घालून बघतात, एकदा आत्याच्या बाजूला, एकदा माझ्या. दोन्हीकडे सारखे ठोकळे, दोन्हीकडे सारखी उंची. तुमच्या चेहऱ्यावर समाधान दिसतं, आणि मला वाटतं, आता विचारावं.

उरले होते फक्त पाट्यांच्या टोकांचे नट. त्यांचं तुम्ही मला लहानपणापासून सांगत आलात. आत रबर असतं. ते ज्या स्थितीत आवळाल, तीच त्याची मुक्कामाची जागा. गाडी हवेत लटकत असताना आवळलं तर खाली आल्यावर ते कायम पिळलेलं राहतं आणि एक दिवस फाटतं. म्हणून सगळं वजन गाडीत असतानाच आवळायचं. मेस्त्री पान्हा घेऊन खड्ड्यात उतरले आणि खालूनच ओरडले, ‘आवळू का, रायरे?’ तुम्ही आरशात बघितलंत. आत्याकडे नाही, माझ्याकडे. आणि म्हणालात, ‘तू उतर.’

मी उतरले. दार लावून उन्हात उभी राहिले. माझ्याकडची बाजू हळूच वर आली. मेस्त्री कानडीत म्हणाले, ‘रायरे, एडगडे स्वल्प मेले, डावी बाजू जरा वर. डावीकडे जाड ठोकळा घालतो, सरळ होईल.’ तुम्ही म्हणालात, ‘इरली, असू दे तशीच. तिकडे पंप ठेवीन. आवळ.’ मेस्त्री ‘सरी, बरं’ म्हणाले आणि मी बाहेर उभी असताना नट आवळले गेले. आत्याने विचारलं, ‘पोरीला कशाला रे उन्हात उभं केलंस?’ तुम्ही खालच्या पान्ह्याच्या आवाजाकडे कान देऊन होतात. दुसऱ्या दिवशी आईने माळ्यावरून ट्रंक काढली. तुम्ही तिला सांगितलंत म्हणे, हिला जाऊ दे. मला मात्र तुम्ही काही म्हणाला नाहीत, स्टेशनवरसुद्धा नाही.

अण्णा, मी आयुष्यभर मुलींना पदार्थविज्ञान शिकवलं, आणि एवढंसं गणित मला सुटत नाही. नट माझ्याशिवाय आवळलेत, म्हणजे हे घर आता माझ्याशिवायच मुक्कामाला बसलं, असं तुम्हाला म्हणायचं होतं. मी तसंच धरलं आणि बडोद्याला जाऊन रडले. पण मग ठोकळा का बदलला नाहीत? जाड ठोकळा घातला असतात तर गाडी माझ्यावाचून सरळ उभी राहिली असती. तुम्ही, भिंतीवरचा फोटो केसभर तिरका झाला तरी जेवणावरून उठणारे, कललेली गाडी घेऊन साऱ्या गांधी बाजारात हिंडत होतात. म्हणजे माझी जागा राखली होतीत? की खरंच पंपाचा विचार होता? एक धरलं की दुसरं हातातून निसटतं.

पहिल्या सुट्टीत आले तेव्हा तुम्ही तिघं मला न्यायला स्टेशनवर आला होतात. गाडी दिसली आणि माझी नजर आधी मागच्या चाकांवर गेली. गाडी अगदी सरळ उभी होती. माझ्या सीटवर गोणपाटात गुंडाळलेला पंप होता. मनात म्हटलं, चला, मिळालं उत्तर, पंपच. तुम्ही तो पंप उचललात, कुणाला हात लावू दिला नाहीत, डिकीत नेऊन ठेवलात. ‘बस,’ म्हणालात. मी बसले. आत्या शेजारी होतीच, तिने माझा हात धरला. आई पुढून वळून बघत होती. तुम्ही मात्र गाडीत येईनात. मागे जाऊन, धुतलेल्या धोतरात, स्टेशनच्या त्या धुळीत उकिडवे बसलात. आधी आत्याच्या बाजूच्या चाकावर बोटं घातलीत, मग माझ्या. पुन्हा तिच्या, पुन्हा माझ्या, जणू माझी बाजू हवी तितकी खाली येत नव्हती. मग माझ्या खिडकीशी येऊन उभे राहिलात. कपाळाला आठ्या.

‘तिथे जेवायला घालत नाहीत का तुला?’

मला वाटलं, रागावलात. कशावर, तेही कळेना. माणूस थोडं वाळलं म्हणून पाटे कुठे हलतात, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक होतं. आईसमोर बोलायची सोय नव्हती, तिने मला परत जाऊच दिलं नसतं. ‘खाते की, अण्णा,’ मी म्हटलं.

हे पत्र टाकायला पेटी नाही, म्हणून ते घडी करून इथेच राहील. ती बाजू कुणासाठी उंच ठेवली होतीत, ते मला अजून नक्की सांगता येत नाही. पण बडोद्याला मी राहायचे त्या वसतिगृहातली गोड डाळ घशाखाली उतरत नव्हती, आणि सगळ्या मुली जेवायला बसल्या की मला आपलं स्वयंपाकघर आठवायचं. मी खात नव्हते, अण्णा.